‘राजपुताना’ आगबोटीवरील दोन वर्ग

पैनगंगेच्या तीरावरील आपल्या किनवटाहून समुद्र फार दूर. म्हणून जुन्या आगबोटींवर उतारूंची व्यवस्था कशी असे, हे वाचकांस एका उदाहरणाने सांगतो.

पी. अँड ओ. कंपनीची ‘राजपुताना’ ही सुमारे १६,६०० टनांची आगबोट १९२५ साली पाण्यात उतरली. विलायत आणि मुंबई यांच्या दरम्यान तिच्या फेऱ्या होत. सुमारे ६०० उतारूंची सोय असलेल्या या बोटीवर वर्ग दोनच होते. त्या काळच्या बोटींवर पहिल्या वर्गाच्या खोल्या बहुधा मध्यभागी असत, कारण लाटांचे हेलकावे तेथे कमी जाणवतात. दुसरा वर्ग पिछाडीस असे. तेथे बोट चालविणाऱ्या पंख्याचा कंप अधिक. भोजनगृहे व डेकही निरनिराळे. मात्र तांबड्या समुद्रातील उकाडा वर्ग पाहत नसे. पुष्कळ उतारू अंथरूण घेऊन डेकवरच निजत.

२९ ऑगस्ट १९३१ रोजी महात्मा गांधी गोलमेज परिषदेसाठी याच बोटीने मुंबईहून निघाले, ते दुसऱ्या वर्गातून. कारण त्याहून खालचा वर्ग तीवर नव्हता. त्यांनी आपले बिऱ्हाड डेकवरच थाटले. सूतकताई व प्रार्थना तेथेच चाले. सोबत्यांनी आणलेले भाराभर सामान पाहून ते रुष्ट झाले, आणि अनावश्यक पेट्या एडनहून परत धाडण्यात आल्या.

दुसऱ्या महायुद्धात ही बोट सशस्त्र करण्यात आली. १३ एप्रिल १९४१ रोजी आइसलंडच्या पश्चिमेस जर्मन पाणबुडीने तिला बुडविले. दोन्ही वर्गांच्या खोल्या एकाच तळाशी गेल्या. तिच्या पहिल्या वर्गात कोण कोण बसले, हे आज फारसे कोणास आठवत नाही. डेकवर निजणारा दुसऱ्या वर्गाचा तो उतारू मात्र सर्वांस आठवतो.