तिबेटची स्वायत्तता

तिबेटी लोकांनी दीर्घकाळ आपला कारभार स्वतः पाहिला. तथापि त्यास आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली नाही. या विसंगतीत तिबेटच्या स्वायत्ततेच्या प्रश्नाचे मूळ आहे.

मंगोल सरदार गुश्री खान याच्या साहाय्याने १६४२ मध्ये पाचवे दलाई लामा तिबेटचे शास्ते झाले. मांचू (चिंग) सम्राटांनी १७२० मध्ये ल्हासाला सैन्य धाडले व १७२८ पासून तेथे ‘अंबान’ हे आपले प्रतिनिधी नेमले. एकोणिसाव्या शतकात चिंग सत्ता खिळखिळी होताच अंबानांचा अधिकार नाममात्र उरला. सम्राट व दलाई लामा यांचे नाते आश्रयदाता व धर्मगुरू असे होते, ही तिबेटी धारणा. चीनने मात्र ते अधिपती व अंकित यांचे मानले.

यंगहजबंडच्या नेतृत्वाखालील ब्रिटिश सैन्याने १९०४ मध्ये ल्हासा गाठले आणि तिबेटशी स्वतंत्रपणे तह केला. पुढे १९०७ च्या रशियाबरोबरील करारात ब्रिटनने तिबेटवरील चीनची ‘अधिसत्ता’ मान्य केली. सार्वभौमत्वाहून कमी असलेल्या या अधिकाराची व्याख्या करारात नव्हती; तिबेटला तर कोणी विचारलेही नाही.

चिनी सैन्य १९१० मध्ये ल्हासात शिरल्याने तेरावे दलाई लामा भारतात आले. चीनमधील १९११ च्या क्रांतीनंतर तिबेटींनी त्या सैन्यास हुसकावले व १९१३ च्या आरंभी दलाई लामांनी तिबेटच्या स्वतंत्रतेची घोषणा केली. सिमला परिषदेत (१९१३–१४) तिबेटचे प्रतिनिधी लोंचेन शात्रा बरोबरीच्या नात्याने बसले. बाह्य तिबेटला स्वायत्तता व चीनला अधिसत्ता देणाऱ्या मसुद्यावर चिनी प्रतिनिधीने आद्याक्षरे केली. पण सीमांच्या वादामुळे चीन सरकारने सही नाकारली.

यानंतरची सु. चार दशके तिबेटचे स्वतःचे सैन्य, नाणी व टपाल तिकिटे होती. तथापि राष्ट्रसंघाचे सदस्यत्व त्याने मागितले नाही. ग्यांत्से येथे १९२३ मध्ये निघालेली इंग्रजी शाळा १९२६ मध्ये बंद पडली. सैन्याच्या आधुनिकीकरणासही मठांचा विरोध होता. अलिप्तता हेच संरक्षण, हा मठांचा समज पुढे महागात पडला.

चिनी सैन्याने ऑक्टोबर १९५० मध्ये छाम्दो घेतले. तिबेटने संयुक्त राष्ट्रांकडे दाद मागितली. तीवरील विचार लांबणीवर पडला. सतरा कलमी करारात (२३ मे १९५१) चीनचे सार्वभौमत्व मान्य करून तिबेटची अंतर्गत व्यवस्था न बदलण्याचे आश्वासन होते. मात्र पूर्वेकडील खाम व आम्दो प्रदेशांना चीनने ते लागू केले नाही. तेथील सक्तीच्या सुधारणांमुळे १९५६ मध्ये बंड उद्‌भवले आणि मार्च १९५९ मध्ये ते ल्हासात पोहोचले. चौदावे दलाई लामा भारतात आले. कराराचा त्यांनी त्याग केला. भारताने तत्पूर्वीच, १९५४ च्या करारात, तिबेटचा उल्लेख ‘चीनचा प्रदेश’ असा केला होता. चीनने १९६५ मध्ये तिबेट स्वायत्त प्रदेश स्थापिला.

दलाई लामांनी १९८८ मध्ये स्ट्रासबर्ग येथे स्वातंत्र्याऐवजी खऱ्या स्वायत्ततेची मागणी मांडली. त्यांच्या प्रतिनिधींची चीनशी २००२ पासून बोलणी झाली. ब्रिटनने २००८ मध्ये ‘अधिसत्ता’ ही कल्पना कालबाह्य ठरवून सोडून दिली. बोलण्यांची नववी फेरी जानेवारी २०१० मध्ये निष्फळ ठरली.