टायरचा जीव धाग्यात

मागच्या रविवारी सिंहगडाच्या पायथ्याशी चहा घेताना सायकलच्या पुढच्या टायरवर सहज नजर गेली. ब्रेकचं रबर वर सरकून रिमऐवजी टायरच्या बाजूला घासत होतं. तिथे दोन सेंटिमीटरची चीर, आणि चिरीत तुटलेले धागे! मित्र म्हणाला, "आतून पॅच मार आणि चल. हवा कुठे जातेय?"

प्रश्न रास्त होता. पण त्याचं उत्तर टायरच्या इतिहासातच आहे.

1888 साली बेलफास्टचे पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप यांनी हवेच्या टायरचं पेटंट घेतलं. आत रबराची नळी आणि तिच्यावर कापडाचं आवरण. खरी गंमत या कापडात आहे. नुसती नळी फुग्यासारखी फुगत जाईल; तिला आवरतं ते कापड.

पण विणलेल्या कापडाची एक गोची होती. उभे-आडवे धागे एकमेकांवरून जातात, आणि टायर रस्त्यावर दबला की दर फेरीला एकमेकांना घासतात. म्हणजे टायर आतूनच झिजणार! 1890च्या दशकात शिकागोच्या जॉन पामर यांनी विणकामच काढून टाकलं. एका थरात सगळे धागे समांतर, दुसऱ्या थरात तिरके उलट दिशेने, मध्ये रबर. आजचे सायकलचे टायरही याच तत्त्वावर बनतात.

आता थोडी आकडेमोड (सवय जात नाही!). 28 मिमीच्या टायरमध्ये 80 पीएसआय हवा असेल, तर बाजूच्या दर सेंटिमीटरवर साधारण 8 किलोचा ताण येतो. तो रबर नाही, धागे पेलतात. माझ्या चिरीपुरता हा 16 किलोचा भार आता शेजारच्या धाग्यांवर होता. पंक्चरचा पॅच हवा अडवतो, हा ताण पेलत नाही.

मग उपाय? सायकलवाले गेटर टाकतात, म्हणजे जुन्या टायरचा तुकडा आतून बसवतात. त्याने ट्यूब चिरीतून बाहेर येत नाही, पण तुटलेले धागे काही जोडले जात नाहीत. हवा थोडी कमी ठेवून हळूहळू घर गाठायचं, आणि टायर बदलायचा. त्याआधी ब्रेक नीट करायचा, नाहीतर नव्याचीही तीच गत.

आम्ही तिथूनच परत फिरलो. मित्र कुरकुरला. चढावर टायर फुटला असता तर चालत आलो असतो; उतारावर पुढचं चाक गेलं असतं, तर हे लिहायला बहुतेक मी नसतो.