फॅरनहाइटच्या नोंदी आणि यवतमाळचे उष्णतामान

वऱ्हाडच्या इंग्रजी अमदानीतील कागदपत्रांत उष्णतामानाचे आकडे फॅरनहाइट अंशांत दिलेले असतात. वणी जिल्ह्याचे नाव 1905 साली यवतमाळ झाले व 1908 साली ब्राउन आणि रसेल यांनी संपादिलेले जिल्ह्याचे गॅझेटियर निघाले; त्या काळच्या सरकारी लेखनात दुसऱ्या मापाचा प्रश्नच नव्हता. 1956 च्या वजनमापांच्या कायद्यानंतर दशमान पद्धतीबरोबर सेल्सिअस रूढ झाला. तेव्हापासून 32 वजा करून 5 ने गुणावे व 9 ने भागावे, एवढ्यावर जुने आकडे नवे होतात असा समज आहे. अभ्यासकाची फसगत होते ती येथेच.

32 हा आकडा शून्याची जागा सांगतो, अंशाची लांबी नव्हे. दिवसाच्या व रात्रीच्या उष्णतामानात 27 अंश फॅरनहाइटचा फरक असेल, तर तो 15 अंश सेल्सिअस होय. त्यातून 32 वजा केले तर उणे 2.8 हे निरर्थक उत्तर येते. ते सहज ध्यानात येते. परंतु फरक 50 अंशांचा असला, तर 27.8 ऐवजी 10 हे उत्तर येते आणि ते खरे वाटण्याजोगे असल्याने टिकून राहते. अचूकतेचेही तसेच. पूर्णांकात नोंदलेला 110 अंशांचा पारा 109.5 ते 110.5 यांमध्ये कोठेही असू शकतो. म्हणून त्याचे 43.33 करणे म्हणजे मूळ निरीक्षकाने न पाहिलेले त्याच्या नावावर घालणे होय.

मोजपट्टीची टोकेही तपासून घ्यावी लागतात. सेल्सिअसने 1742 मध्ये उकळत्या पाण्याला शून्य व वितळत्या बर्फाला 100 दिले होते. हा क्रम पुढे उलटला. शुद्ध पदार्थाचा द्रवणांक ठरलेला असतो, म्हणूनच बर्फ खुणेला उपयोगी पडतो. जिल्ह्याच्या रानांत मिळणाऱ्या मोहाच्या बियांचे तेल तसे नाही. अनेक स्निग्धांचे ते मिश्रण असल्याने थंडीत थिजते, उन्हाळ्यात पातळ होते, आणि मधल्या दिवसांत अर्धवट घट्ट राहते. त्याला एकच द्रवणांक चिकटविणे व्यर्थ आहे.

उत्कलनांकाची गोष्ट अधिक नाजूक. यवतमाळ शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 445 मीटर उंच आहे. तेथे पाणी 100 अंशांवर नव्हे, तर सुमारे 98.5 अंशांवर, म्हणजे 209.3 फॅरनहाइटवर उकळते. उकळत्या पाण्यात धरलेला तापमापक 212 दाखवीत नाही म्हणून तो सदोष ठरत नाही. उलट, याच घटीवरून उंची काढण्याची रीत एकोणिसाव्या शतकातील प्रवाशांत व मोजणीदारांत होती. हूकरने 1848-49 मध्ये सिक्कीममध्ये ती वापरली. पठारी मुलखात मात्र ती जपूनच वापरावयाची. विदर्भात हिवाळ्यापेक्षा भर उन्हाळ्यात वायुभार सुमारे 10 मिलिबार कमी असतो; तेवढ्याने उत्कलनांक अर्धा फॅरनहाइट अंश खाली येतो आणि हिशेबात ठिकाण सुमारे 90 मीटर अधिक उंच ठरते. तेव्हा अशा रीतीने काढलेली उंची जुन्या नोंदीत आढळली, तर रूपांतराच्या आधी निरीक्षणाचा महिना पाहावा लागतो.