वाड्याचे दार : सजावट आणि जतन

उदगीर म्हटले की १७६० ची लढाई आणि भुईकोट किल्ला आठवतो. किल्ल्याच्या दरवाजांना इतिहासात स्थान मिळाले. मराठवाड्यातील वाड्यांची दारे मात्र बहुधा नोंदीवाचूनच राहिली. वस्तुतः असे दार हा एक सामाजिक दस्तऐवजच होय. मोठी कवाडे लग्नकार्याला उघडत. एरवी वाकून जाण्याजोग्या दिंडीतून ये-जा चाले. आत देवडी. आलेल्याने ओसरीपर्यंत यायचे की देवडीतूनच परतायचे, हे तेथे ठरे. त्या निर्णयात जातीची उतरंडही असे. गणेशपट्टीवरील कोरीवकामाचे कौतुक करताना हे विसरता येत नाही.

३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात लातूर-उस्मानाबाद भागात मातीत रचलेल्या दगडी भिंती कोसळल्या आणि जड माळवदांखाली हजारो माणसे दगावली. जुन्या घरांविषयी बसलेली भीती अनाठायी नव्हती. म्हणून दाराची डागडुजी भिंतीपासून सुरू व्हावी. आधी मुरणारे पाणी थांबवावे व भिंत बळकट करावी. मग वाळवीने पोखरलेला तेवढाच भाग त्याच जातीच्या लाकडाने सांधावा. तैलरंगाचे थर हलक्या हाताने उतरवून जवसाचे तेल द्यावे. कड्यांवरची झीज राहू द्यावी.

जुन्या संहितेचा संपादक गळालेला शब्द भरतो, पण पाठभेद पुसत नाही. हे कामही त्याच जातीचे आहे. चौकट उखडून शहरातल्या दिवाणखान्यात मांडली, तर नक्षी वाचते. परंतु कोणाला आत घेतले आणि कोणाला बाहेर ठेवले, हे सांगणारा उंबरठा हरवतो.