रिकीब आणि चुलीचे पाय

मुरलेला प्रस्तरारोहकही पहिल्यांदा एड क्लाइंबिंग शिकायला उभा राहिला की थोडा ओशाळतो. इतकी वर्षं एकच शिस्त हाडीमासी भिनलेली: दोर आणि मेखा पडलो तर झेलण्यापुरत्या, वर जायचं ते कातळ धरून. इथे सांगतात, भेगेत मेख ठोक, तिला कॅराबिनर लाव, त्यात पट्ट्यांची शिडी टांग आणि खुशाल तीवर उभा राहा. मात्र आधी चांगले झटके दे. मेख निसटायचीच असेल तर मनाची तयारी असतानाच निसटू दे.

या शिडीला फ्रेंचमध्ये ‘एट्रिए’ म्हणतात. अर्थ साधा आहे: रिकीब. कॅराबिनरही घोडदळातूनच आला. स्वार आपली कार्बाइन बंदूक ज्या आकड्यानं पट्ट्याला अडकवत, त्याचं हे नाव. डोंगरात तो आला अग्निशमन दलाच्या वाटेनं. 1910च्या सुमारास म्युनिकच्या ओटो हेर्झोगनं बंबवाल्यांकडचे असे आकडे पाहिले आणि कड्यावर वापरले, असं सांगतात. पाठोपाठ भांडणही पेटलं. 1911मध्ये ऑस्ट्रियाच्या पॉल प्रॉइसनं लिहिलं की मेख ही अडचणीतली सोय, चढण्याचं साधन नव्हे. ओशाळण्याचा उगम बहुधा तिथलाच. तरी 1933मध्ये एमिलिओ कोमिची आणि दिमाई बंधूंनी डोलोमाइट्समधल्या चिमा ग्रांदेची उत्तर भिंत मेखा ठोकत, शिड्या टांगत सर केलीच.

युरोपातल्या मेखा मऊ लोखंडाच्या. चुनखडीच्या वेड्यावाकड्या भेगेत त्या वळून घट्ट बसत. कॅलिफोर्नियातल्या योसेमिटीचा ग्रॅनाइट त्यांना दाद देईना. दोन-चारदा ठोकून उपटल्या की त्या वाकायच्या, आणि मोठ्या भिंतीवर मेखांचं गाठोडं न्यायचं तरी किती? उत्तर सापडलं ते एका लोहाराला. जॉन सलाथे मूळचा स्विस, चढाईला लागला तोच पंचेचाळिशीच्या आसपास. फोर्ड मॉडेल ए गाडीच्या आसाच्या पोलादापासून त्यानं मेखा घडवल्या, अशी कथा रूढ आहे. ती थोडी फुगवलेली असली तरी पोलाद कठीण होतं, हे खरं. 1947मध्ये अँटन नेल्सनला घेऊन त्यानं लॉस्ट ॲरो सुळका पाच दिवसांत सर केला. त्या घाटाच्या मेखेलाही पुढे लॉस्ट ॲरो हेच नाव चिकटलं.

माझा जीव मात्र अडकलाय तो चुलीत. 1957मध्ये वॉरन हार्डिंगनं योसेमिटीतल्याच सुमारे 900 मीटर उंचीच्या एल कॅपिटन कड्याला हात घातला. वाटेत एक लांबलचक रुंद भेग होती, तिला पुरेल एवढी जाड मेख बाजारात मिळेना. फ्रँक टार्व्हर नावाच्या गड्याला भंगारात जुन्या शेगडीचे पाय सापडले. तेच ठोकायचे, त्यांवर चढायचं, खालचे काढून पुन्हा वर ठोकायचे. भिंतीवर एकूण 45 दिवस घालवून, नोव्हेंबर 1958मध्ये हार्डिंग माथ्यावर पोचला.

पोलादाचा गुण तोच दोष ठरला. तीच मेख त्याच भेगेत शेकडो वेळा ठोकून उपटली की कातळाच्या कडा फुटतात. इव्हॉन शुइनार स्वतः मेखा घडवून विकणारा, पण 1972च्या आपल्या कॅटलॉगमध्ये त्यानंच गिऱ्हाइकांना हातोडा बाजूला ठेवा म्हटलं आणि नट पुढे केले. नट म्हणजे भेगेत हातानं अडकवायचे धातूचे तुकडे. तेही उसनेच: वेल्समधले गिर्यारोहक स्नोडनच्या रेल्वेमार्गालगत पडलेले नट वेचायचे, आटे घासून काढायचे आणि दोरीत ओवायचे.

एल कॅपिटनवरच्या त्या भेगेला आजही ‘स्टोव्हलेग’च म्हणतात. तिथे आता शेगडीचे पाय लागत नाहीत, शिडीही लागत नाही. मुरलेला आरोहक भेगेत पंजे खुपसून, पायाचे चवडे मुरगळून बसवत, नुसत्या हातापायांनी ती चढून जातो.