बाळंतविड्यात नसलेले वस्त्र

आमच्या महाविद्यालयातील एका तरुण सहकारी प्राध्यापिकेला काही महिन्यांपूर्वी मुलगी झाली. शिक्षककक्षात वर्गणी जमली आणि भेट काय द्यावी, याची चर्चा सुरू झाली. बाळासाठी झबली-टोपडी आणि दुपटी यांवर लगेच एकमत झाले. आईसाठी साडी ठरत होती. मी मात्र दोन सुती गाऊन सुचवले. ‘‘अहो, गाऊन का कुणी भेट म्हणून देतं?’’ आमच्यातील सर्वांत ज्येष्ठ असलेल्या बाईंनी विचारले. प्रश्न सहज आलेला होता. पण त्यामागे वस्त्रदानाचा एक मोठा इतिहास उभा आहे, असे मला नंतर वाटत राहिले. त्याचीच ही थोडी उजळणी.

आपल्याकडे गरोदरपणापासून बारशापर्यंत वस्त्रे देण्याची एक साखळीच आहे. सुरुवातीच्या महिन्यांत चोरचोळी, सातव्या महिन्याच्या सुमारास डोहाळेजेवणाची हिरवी साडी, आणि प्रसूतीनंतर बाळंतविडा. बाळंतविड्यात कुंची, अंगडे-टोपडे, दुपटी असा बाळाचा सारा जामानिमा असे. आईच्या वाट्याला खण आणि लुगडे येई. पुढे त्याची जागा साडी आणि ब्लाउजपीसने घेतली. प्रांताप्रांतांत, जातीजातींत तपशील बदलतो, परंतु एक गोष्ट सहसा बदलत नाही: आईला मिळणारे वस्त्र हे चारचौघांत नेसून बसण्याचे असते. ते बारशाच्या दिवशी उपयोगी पडते. मधल्या रात्रींसाठी त्यात काही नसते.

आणि त्या रात्री कशा असत? खोली अंधारी, वारा लागू नये म्हणून खिडक्या बंद, बाजेखाली शेगडी, ओवा-शेपांची धुरी, डोक्याला आणि कानांना घट्ट बांधलेले फडके. घाम, दूध, रक्तस्राव आणि तेल यांनी कपडा सतत भिजणारा. दर दोन-तीन तासांनी बाळाला पाजायला उठणे. अशा देहावर काठपदराचे कोरे लुगडे टिकणार नव्हते, आणि देहालाही ते सोसणार नव्हते. तेव्हा बाळंतीण नेसत असे ते जुनेर. वर्षानुवर्षे धुऊन मऊ पडलेले सुती लुगडे, बहुधा आईचे किंवा आजीचे. त्याच जुनेराच्या पट्ट्याने तिचे पोट बांधले जाई, त्याच्याच घड्या स्रावासाठी वापरल्या जात, आणि त्याचेच तुकडे बाळाची दुपटी होत. समोर गाठ मारायची चोळी पाजण्याच्या दृष्टीने सोयीची होती, हेही येथे लक्षात घ्यायला हवे.

म्हणजे बाळंतिणीचे रात्रीचे वस्त्र आपल्या परंपरेत होते. ते भेट म्हणून गणले गेले नाही, इतकेच. ते ताटात ठेवून, कुंकू लावून दिले जात नव्हते. हेमा राईरकर आणि गी पॉइट्वाँ यांच्या प्रयत्नांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या. भावाने घेतलेली चोळी, तिचा शिंपी, तिच्यावरची नक्षी हा या ओव्यांचा आवडता विषय. देणाऱ्याचा मान वस्त्रात दिसतो, म्हणून ते गाण्यात येते. जुनेराला देणारा नसतो. पेटीच्या तळाशी ते कुणीतरी जपून ठेवलेले असते, आणि वेळ आली की निघते.

मात्र जुनेराचे गोडवे गाताना दोन गोष्टी विसरून चालणार नाही. सोयेरात वापरलेले कपडे विटाळाचे मानले जात. ते वेगळे ठेवायचे, पुष्कळदा टाकूनच द्यायचे. जुने वस्त्र निवडण्यामागे मायेइतकाच हा हिशेबही होता. दुसरे असे की, जुनेर असण्यासाठी आधी पुरेशी लुगडी असावी लागतात. जिच्याकडे एक अंगावर आणि एक दांडीवर अशी दोनच लुगडी, तीही दांड घालून नेसायची, त्या कष्टकरी स्त्रीला बाळंतपणातही वेगळे मऊ वस्त्र कोठून मिळणार?

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नायलॉन, टेरिलीन, पॉलिएस्टरच्या साड्या घरोघरी आल्या. धुवायला सोप्या, इस्त्रीची कटकट नाही, वर्षानुवर्षे टिकणाऱ्या. पण या साड्या जुन्या झाल्या तरी सुती लुगड्यासारख्या मऊ पडत नाहीत आणि घाम टिपत नाहीत. त्यांचे जुनेर होत नाही. याच सुमारास प्रसूती घरातून दवाखान्यात गेली आणि शहरी मध्यमवर्गात गाऊन रुळला. गाऊनने साडीची जागा घेतली, अशी तक्रार आपण नेहमी ऐकतो. मला वाटते, बाळंतिणीच्या खोलीत तरी त्याने जुनेराची रिकामी झालेली जागा घेतली.

तरीही गाऊनला मान मिळाला नाही. त्यावर टॉवेल किंवा ओढणी टाकल्याशिवाय दाराशी जाता येत नाही. २०१४ साली नवी मुंबईतील गोठिवली गावात दिवसा गाऊन घालून बाहेर पडणाऱ्या स्त्रियांना ५०० रुपये दंड ठरवण्यात आला, आणि तोही महिला मंडळाकडून. २०१८ साली आंध्र प्रदेशातील तोकलपल्ली या गावातही असाच फतवा निघाला. स्त्रीने स्वतःच्या सोयीसाठी घातलेले वस्त्र पाहणाऱ्यांना एवढे का खुपावे, हा प्रश्न ज्येष्ठ बाईंच्या त्या साध्या उद्गारापासून फार दूर नाही.

असो. शेवटी आम्ही गाऊनच घेतले. निवडताना मात्र बरेच शिकायला मिळाले. कापड पातळ सुती हवे. पुढून उघडणारे हवे, पण चेन बाळाच्या गालाला लागणार नाही अशी झाकलेली. शस्त्रक्रिया झाली असेल तर टाक्यांवर नाडी किंवा इलॅस्टिक येता कामा नये. माप नेहमीपेक्षा एक आकार मोठे. रंग असा की दुधाचे डाग उठून दिसू नयेत. आणि एक खिसा.

वेष्टनात बांधण्यापूर्वी ज्येष्ठ बाईंनी ते गाऊन मागून घेतले. चार दिवसांनी परत आणले तेव्हा त्यांची खळ गेली होती. ‘‘तीनदा धुतलेत,’’ त्या म्हणाल्या. ‘‘कोरं कापड बाळंतिणीला टोचतं.’’ घड्या किंचित चुरगळलेल्या होत्या. कुणीच पुन्हा इस्त्री केली नाही.