ब्रायटन येथील राजपागा

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील ब्रायटन या नगरातील इतिहासप्रसिद्ध वास्तुसमूह. युवराज जॉर्ज (नंतरचा राजा चौथा जॉर्ज; १७६२–१८३०) याच्या घोड्यांसाठी व बग्ग्यांसाठी १८०३ ते १८०८ या काळात तो बांधण्यात आला. विल्यम पोर्डेन (सु. १७५५–१८२२) हा त्याचा वास्तुकार. घुमटाकार पागा, तिच्या परिसरातील बग्गीखाने आणि घोडे फिरविण्याचे बंदिस्त दालन (रायडिंग हाउस) हे त्याचे प्रमुख घटक होत. पागेची वास्तू सामान्यतः वाड्याच्या शैलीचे अनुकरण करते. येथे मात्र क्रम उलटा आहे. पागा आधी भारतीय वळणाची झाली व राजवाड्याने पुढे तिचे अनुकरण केले.

पागा उभी राहिली तेव्हा शेजारचा राजवाडा हेन्री हॉलंडने १७८७ मध्ये बांधलेल्या नव-अभिजात धाटणीचा, तुलनेने साधा व लहान होता. टॉमस व विल्यम डॅन्येल या चुलत्या-पुतण्यांनी भारतातील वास्तूंची काढलेली चित्रे त्या सुमारास इंग्लंडमध्ये प्रसिद्ध होत होती आणि धनिकांत त्यांचे मोठे आकर्षण होते. पोर्डेनने स्वतः भारत पाहिलेला नव्हता. त्याच्या चवरीदार कमानी, कोपऱ्यांवरील निमुळते मनोरे व घुमट यांचे मूळ अशा चित्रांतच शोधावे लागते. त्यामुळे पागेचे भारतीयत्व बाह्यांगापुरते राहिले. तिच्या आखणीत भारतीय पागेशी कोणतेही साम्य नाही, आणि तसा त्याचा हेतूही नसावा.

रचनेच्या दृष्टीने पागेचे खरे महत्त्व तिच्या घुमटात आहे. त्याचा व्यास सु. २४ मी. (८० फुट) व उंची सु. २० मी. (६५ फुट) आहे. पॅरिसच्या धान्यबाजाराचा (आल ओ ब्ले) लाकडी फासळ्यांचा व काचेचा घुमट हा पोर्डेनचा आदर्श होता. तो मूळ घुमट १८०२ मध्ये, म्हणजे ब्रायटनचे काम सुरू होण्याच्या आदल्याच वर्षी, आगीत नष्ट झाला होता. तरीही पोर्डेनने लाकडाचाच आश्रय घेतला. पायट काढताच घुमट कोसळेल, अशी भीती अनेकांनी बोलून दाखविली होती. ती खोटी ठरली. घुमटाखालील वर्तुळाकार दालनाच्या मध्यभागी घोड्यांना पाणी पाजण्यासाठी कारंजे होते. तळमजल्यावर भिंतीच्या कडेने कमानींच्या आड ४४ घोड्यांची ठाणे होती. वरच्या सज्जामागे मोतद्दारांच्या खोल्या होत्या. घोडे व त्यांची निगा राखणारे नोकर अशा रीतीने एकाच घुमटाखाली राहत. पश्चिमेकडील दालनाचे छप्पर सु. १८ मी. रुंदीवर मधल्या खांबांच्या आधाराविना तोललेले आहे. सुतारकामाच्या दृष्टीने ते घुमटापेक्षा कमी लेखता येणार नाही. पूर्वेकडे टेनिसचे दालन योजिले होते. ते तडीस गेले नाही.

नेपोलियनशी चाललेल्या युद्धाच्या काळात, कर्जबाजारी म्हणून प्रसिद्ध असलेल्या युवराजाने घोड्यांसाठी असा प्रासाद उभारावा, यावर टीका होणे स्वाभाविक होते. शिवाय पागेपुढे राजवाडा खुजा दिसू लागला. तो भारतीय शैलीत बदलण्यासाठी हंफ्री रेप्टनने आराखडे केले. ते बाजूला पडून १८१५ पासून जॉन नॅशने त्यास आजचे घुमट-मिनारांचे रूप दिले.

व्हिक्टोरिया राणीला हे निवासस्थान रुचले नाही. १८५० मध्ये नगराने ते पागेसह विकत घेतले. पागा १८६७ मध्ये संगीतगृह झाली, अश्वारोहणाचे दालन १८६८ मध्ये धान्यबाजार बनले आणि १८७३ मध्ये पूर्वेकडील भागात नगराचे संग्रहालय आले.

पहिल्या महायुद्धात, डिसेंबर १९१४ पासून १९१६ च्या आरंभापर्यंत, फ्रान्समधील रणभूमीवर जखमी झालेल्या भारतीय सैनिकांचे रुग्णालय येथे होते. राजवाडा, घुमट व धान्यबाजार मिळून सातशेहून अधिक खाटा मांडण्यात आल्या. धर्म व जाती यांचे निर्बंध पाळले जावेत म्हणून नऊ स्वयंपाकघरे होती; हिंदू व मुसलमान यांच्यासाठी पाण्याचे नळ वेगळे होते. राजाने आपला वाडा सैनिकांसाठी रिकामा केला, असा समज भारतात पसरविण्यात आला. वस्तुतः ही वास्तू ६४ वर्षांपूर्वीच नगराच्या मालकीची झालेली होती. घुमटाखाली ओळीने मांडलेल्या खाटांची छायाचित्रे याच प्रचाराचा भाग होत. चित्रांवरून उभारलेल्या 'भारतीय' पागेत खऱ्या भारतीयांचा दीर्घ निवास घडला तो असा. येथील रुग्णालयांत मरण पावलेल्या हिंदू व शीख सैनिकांचे दहन नगराबाहेरील टेकड्यांवर करण्यात आले; त्या जागी १९२१ मध्ये संगमरवरी छत्री उभारली गेली.

रॉबर्ट ॲटकिन्सनने १९३५ मध्ये घुमटाखालील दालनाची अंतर्रचना तत्कालीन आधुनिक पद्धतीने बदलली. त्यामुळे ठाणांच्या कमानी व सज्जा यांची मूळ मांडणी आता प्रेक्षकास जाणवत नाही. पश्चिमेकडील दालन मात्र जीर्णोद्धारानंतर पुन्हा खुले झाले असून त्याच्या छपराच्या लाकडी चौकटीत पोर्डेनचे काम आजही पाहता येते.